चटणीच्या स्पर्धेचा निकाल

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. २१ एप्रिल २०२५

ती. वन्सं यांना,

तुमच्या न पाहिलेल्या भावजयीचा, वर्षाराणीचा, वाकून नमस्कार. इथं सगळे बरे आहेत. तुम्ही आणि दाजी हुबळीत खुशाल असाल असं धरून चालते.

पत्र बघून दचकला असाल. आजकाल कोण लिहितंय पत्र! पण तुमचा नंबर माझ्याकडं नाही, आणि ह्यांच्याकडं मागायची सोय नाही. तुमचा विषय निघाला की तुमचा भाऊ उठून गाडीला किक मारतो. पत्ता मात्र तुम्हीच दिलाय. बक्षीस कुठं पाठवायचं ते लिहा, असं आम्ही स्पर्धेच्या अर्जात विचारलेलं, तिथं तुम्ही घर नंबरासकट सगळं लिहिलंत. ईमेलही केला असता, पण स्पर्धेचा ईमेल आमचा वेबसाइटवाला गुरुप्रसाद उघडतो. त्यानं हे वाचलं की संध्याकाळपर्यंत राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांत बातमी. म्हणून हा कागद.

इकडं उन्हाळ्यानं जीव नकोसा केलाय. चटणीचे दिवस आहेत. दुकानामागच्या गोदामात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची पोती छताला लागलीत. सकाळपासून बायका देठं खुडत बसतात आणि अख्खं घर शिंकतं. आईंचे गुडघे धरलेत, तरी खोबरं भाजायला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. मी एकदा भाजलं तर म्हणाल्या, "राधानगरीकडं पाऊस लई, तिकडच्या पोरींना जाळ कळत न्हाय." मीही फटकळ. म्हटलं, "आई, पावसातच तर जाळ नीट लावावा लागतो." दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खोबरं मलाच भाजायला दिलं. असं आमचं चालतं.

आता स्पर्धेचं. निकाल ठरलाय, गुरुवारी वेबसाइटवर लागेल. त्याआधी तो तुम्हाला माझ्याकडून कळावा म्हणून बसलेय लिहायला. पण थेट सांगणार नाही. आधी काय काय झालं ते ऐका, मग काय रागवायचं ते रागवा.

एक सांगते. तुम्हाला ते चांदीचं बक्षीस नको होतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. जगात एवढ्या स्पर्धा असताना तुम्ही बापाच्याच दुकानाच्या स्पर्धेत का उतरलात, हे न कळायला मी काय कुकुलं बाळ नाही. आबा ते वाचतील का, आणि वाचून तुम्हाला आपलं म्हणतील का, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. हो की नाही?

ही स्पर्धा कशी सुरू झाली ते तुम्हाला माहीत नसणार. मोबाइलवर कुणी 'कोल्हापुरी चटणी' शोधलं की कुठल्या कुठल्या शहरांतली पाकिटं वर यायची आणि आपलं दुकान पार तळाला. आबा चिडायचे. "ह्यांनी कोल्हापूर नकाशात तरी बघितलंय का?" म्हणून मी गुरुप्रसादला गाठलं. त्यानं सांगितलं, दुसऱ्यांनी आपापल्या साइटवर तुमच्याबद्दल लिहून तुमची लिंक दिली पाहिजे, तशा लिंका आल्या की तुम्ही वर जाता. आबांच्या डोक्यात काही शिरेना. मग मीच म्हटलं, "आबा, स्थळ आलं की आपण चार ठिकाणी चौकशी करतो की नाही? तसंच गूगल चौकशी करतं. चार लोक चांगलं बोलले की त्याला वाटतं, घर बरं आहे." आबा खूश. म्हणाले, "मग सरळ सांग की, चार लोकांत नाव पायजे!"

आणि चार लोकांना बोलतं कसं करायचं? तर स्पर्धा ठेवायची. आपल्या चटणीवर लिहा, लिंक द्या, बक्षीस जिंका.

गेल्या वर्षी पहिली स्पर्धा ठेवली आणि आबांनी कोल्हापूरच्या रीतीनं घात केला. गुरुप्रसादनं लिंका पाहिजेत म्हटल्यावर आबांनी सगळ्या भावकीला फोन लावले. कुस्तीला गावची माणसं गोळा करावीत तशी. मग काय विचारता! तालमीच्या पेजवर आपली लिंक, गणेश मंडळाच्या पेजवर लिंक, कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली लिंक. एकानं तर दहाव्याच्या निरोपाखाली चटणीची लिंक टाकली! आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बघ, कशी माणसं उभी केली." गुरुप्रसादनं कपाळाला हात लावला. "आबा, ही सगळी तुमचीच माणसं. गूगलला काय कळत नाही होय? उलट तो रागावणार." आणि तसंच झालं, होतो तिथून आणखी खाली गेलो.

वर बक्षिसावरून जुंपली ती वेगळीच. केरबाकाकांच्या सुनेला पहिलं बक्षीस मिळालं, तर बाकीच्यांनी घर डोक्यावर घेतलं. "आपल्याच घरात बक्षीस वाटायचं हुतं तर आमाला राबवलं कशाला?" लग्नाच्या पंगतीत दोन काका पाठ करून जेवले. तेव्हा आबांनी रागारागात स्वतः नियम सांगितला आणि मला लिहून घ्यायला लावला. घरातल्या कुणी, भावकीतल्या कुणी, पावण्यातल्या कुणी भाग घ्यायचा नाही. घेतला तर नाव बाद. मग तो कोण का असेना.

हा नियम तुम्ही साइटवर वाचलाच असणार. वाचूनही अर्ज भरलात. म्हणजे तुम्ही स्वतःला कशात धरलंत ते मला कळलं, आणि खरं सांगते वन्सं, मला फार वाईट वाटलं.

ह्या वर्षीचा विषय माझा होता. आपल्या घरच्या चटणीची गोष्ट आपल्या ब्लॉगवर लिहायची. अहो, पुण्याहून एका बाईंनी विचारलं, ही चटणी इडलीबरोबर चालेल का! आबांना सांगितलं नाही, नाहीतर भांडायला थेट पुण्याला गेले असते. पण खूप जणांनी मनापासून लिहिलं. सोलापूरच्या एका बाईंनी तर सासूच्या हातच्या चटणीवर असं लिहिलंय की मला आईंशी चार दिवस नीट वागावंसं वाटलं.

आणि मग तुमचं आलं. 'संयोगिता' एवढं नाव आणि हुबळीचा पत्ता दिसला आणि मी मोबाइल पदराखाली झाकला. घरात तुमचा फोटो नाही, पण मी काय आंधळी आहे? आईंच्या ट्रंकेत तुमच्या शाळेच्या रिबिनी आहेत. चतुर्थीला त्या मोदक एक जास्तीचा करतात आणि कुणी खाऊ नये म्हणून झाकून ठेवतात. मी कुणाला काही बोलले नाही. बाकीच्यांसारखंच तुमच्याही कागदावरचं नाव झाकलं आणि परीक्षक शालूबाईंकडं दिला. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आता रिटायर आहेत, आणि कुणाच्या बापाला भीत नाहीत.

शालूबाईंनी शेवटी पाच गोष्टी निवडल्या आणि आबांनी हट्ट धरला की मला त्या वाचून दाखवा. त्यांना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर गोदामातच बैठक बसली. आबा पोत्याला टेकून. बायका देठं खुडतायत. हे हिशेब सोडून दारात उभे, आई खोबऱ्याची परात घेऊन बसलेल्या. शालूबाईंचा घसा मिरचीनं धरला, म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं. सोलापूरचं वाचलं, आबा 'चांगलं हाय' म्हणाले. दुसरं वाचताना पेंगले. तिसरं तुमचं होतं.

तुम्ही लिहिलंय ते तुम्हालाच काय सांगायचं, पण जिथं सगळं घडलं तेवढं उतरवते. "माझे वडील तेव्हा लक्ष्मीपुरीत दुसऱ्यांच्या मिरच्या डंकावर कुटून द्यायचे. मी हट्टानं त्यांच्याबरोबर जायची. एकदा मिरचीची धूळ माझ्या डोळ्यांत गेली आणि मी गडाबडा लोळले. त्यांनी मला उचललं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. टॉवेल चटणीनं भरलेला. मी आणखीनच किंचाळले. मग ते मला काखेत मारून पळत सुटले आणि कुणाच्या तरी गोठ्यात शिरून म्हशीचं धारोष्ण दूध माझ्या डोळ्यांवर ओतलं. घरी येताना रस्ताभर तेच रडत होते. मी म्हटलं, आबा, तुमच्या पण डोळ्यांत गेली का? ते म्हणाले, व्हय."

मी 'टॉवेलनं' वाचून पुढं गेले होते. म्हैस संपली, 'व्हय' संपला, आणि आबा एकदम म्हणाले, "टॉवेल न्हवं."

मी थांबले.

"टॉवेल न्हवता. पटका हुता. खांद्यावर टॉवेल टाकायची ऐपत कुठली तवा? पटका सोडून त्याच्या टोकानं पुसलं डोळं." आणि मग जरा वेळानं, "लहान हुती. तिला काय आठवणार."

वन्सं, गोदामात मिरची खुडायची थांबली. आईंच्या हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. आबांना आपण काय बोलून बसलो ते मागाहून कळलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता गोदाम पेटतंय. पण ते म्हणाले, "पुढचं वाच की." पुढं वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलंय की लेकीला दर साली माहेरची चटणी जाते, माझ्याकडं येत नाही म्हणून मी आठवून आठवून बनवते आणि दर साली थोडी चुकते. तिथं आईंनी पदर तोंडात कोंबला. आबा उठले, चपला घातल्या, आणि ऊन असलं कडक की कुत्रं बाहेर पडायचं नाही, अशा उन्हात चालत निघून गेले.

दिवेलागणीला आले.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी निकाल दिला. पहिला नंबर तुमचा. एका मार्काचाही वाद नाही. गुरुप्रसाद तर नाचायचाच बाकी होता. तुमचा ब्लॉग कन्नडमध्येही वाचतात, तुमची गोष्ट बंगळूरच्या कुणी मोठ्या पाककृतीवाल्यांनी पुढं दिली, आणि तिथून आपल्याकडं इतकी माणसं यायला लागली की आबांची अख्खी भावकी एका पारड्यात आणि तुमची एक लिंक दुसऱ्या. 'कोल्हापुरी चटणी' शोधा आता, पहिल्या पानावर आपण आहोत. तुमच्यामुळं. हे मी उगाच गोड बोलत नाही, आकडे बघून बोलतेय.

आता नियमाचा घोळ. मी ह्यांना गाठलं आणि विचारलं, करायचं काय? तुमचा भाऊ पहिल्यांदाच गाडीकडं पळाला नाही. म्हणाला, "ताईचं आडनाव आता दुसरं हाय. लग्न झाल्यावर लेक सासरची. आणि आबा तर गावभर सांगत्यात, मला लेक न्हाय म्हणून. मग नियम लागतोच कुठं? देऊन टाकू बक्षीस." मलाही ते पटलं. मला वाटलं, हुपरीच्या चांदीचा करंडा आबांच्या दुकानातून तुमच्या घरी गेला की दार किलकिलं तरी होईल. गुरुप्रसादचं म्हणणं, बाद केलं तर बाई चिडून लिंक काढतील आणि आपण पुन्हा तळाला. म्हणजे सगळ्यांचं एकमत. मी निकाल टाइप केला, सगळ्यात वर तुमचं नाव, आणि आबांपुढं ठेवला. मोठ्यानं वाचून दाखवला.

आबा म्हणाले, "हे चुकलंय."

मला राग आला हो. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी आबांना उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "आबा, काय चुकलंय? तुम्ही जमवलेल्या स्थळाच्या पत्रिका वाटून झाल्यावर लेकीनं मनानं दुसरीकडं लग्न केलं, तुमची मान खाली गेली, सगळं मान्य. पण एवढी वर्षं तुम्ही म्हणताय ती आमची नाही. नाही ना? मग परकी म्हणून तरी तिला तिच्या हक्काचं द्या! तिकडूनही बाद, इकडूनही बाद, असं कुठं असतं?"

हे दारातून म्हणाले, "वर्षा, गप." आई म्हणाल्या, "बोलू दे तिला."

आबा माझ्याकडं नाही, मिरच्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "बक्षीस परक्याला देत्यात, पोरी. बाद कर तिला."

मी विचारलं, "कारण काय लिहू?"

"घरातली हाय म्हणून लिव्ह."

मी म्हटलं, "आबा, हे साइटवर लागणार. भावकी वाचणार, सगळं गाव वाचणार." तर म्हणाले, "वाचू दे. चार लोकांत नाव गेलं तवा चार लोकांतच म्हणलो हुतो, लेक न्हाय म्हणून. आता बी चार लोकांतच म्हणायचं. पहिल्या वळीला टाक. बारीक अक्षरात नगं." आणि आईंकडं वळून म्हणाले, "टॉवेल बी न्हवता." तेव्हा त्यांचा आवाज फुटला. आईंनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःच हुंदके देत बसल्या. तुमचा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू?

तर वन्सं, निकाल असा. पहिलं बक्षीस सोलापूरच्या बाईंना. तुमचं नाव बाद. गुरुवारी सकाळी साइट उघडाल तेव्हा पहिलीच ओळ असेल: 'संयोगिता, हुबळी, यांची गोष्ट परीक्षकांना सर्वांत आवडली, पण त्या आमच्या घरातल्या असल्यामुळे नियमानुसार त्यांचे नाव बाद करण्यात येत आहे.' ही ओळ आबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. 'आमच्या घरातल्या' ह्या शब्दांपाशी दर वेळी मान हलवली.

तुम्हाला राग येईल. आलाच पाहिजे. पहिला नंबर काढून घेतला, हातातला करंडा गेला, आणि एवढी वर्षं ज्यांनी नाव टाकलं त्यांनीच नियम दाखवला. मी तुमच्या जागी असते तर ताट भिरकावलं असतं. आबांना सोप्या शब्दांत माफी मागता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही त्यांना माफ करावं, असं मी म्हणणार नाही. तो तुमचा आणि त्यांचा मामला. मी कालची आलेली.

गुरुप्रसाद अजून धास्तावलेला आहे. काल दुकानात आबांपुढं हात जोडून म्हणाला, "आबा, एवढा अपमान केल्यावर त्या लिंक काढणार बघा. बाईंना निदान दुसरं तरी बक्षीस द्या, उत्तेजनार्थ द्या, काहीतरी द्या."

आबांनी त्याला चहा पाजला. म्हणाले, "काढली तर काढू दे. एवढं मोठं दुकान काय तिच्या लिंकीवर चालतंय व्हय?"

"पण त्यांना निकाल पटला नाही तर?"

"न पटू दे की. भांडाय यिऊ दे तिला. बोंबलत यिऊ दे, जावयाला घिऊन यिऊ दे. ह्या घरचा निकाल पटला न्हाय तर ह्या घरात यिऊनच भांडायचं असतंय. हुबळीत बसून काय उपयोग?"

मी विचारलं, "आबा, असंच लिहू त्यांना?" तर म्हणाले, "आणि काय येगळं लिवतीस?"

लिहिलं. आबांना वाचून दाखवलेलं नाही, आईंना दाखवलं. त्यांनी कागदावरून नुसता हात फिरवला.

दाजींना नमस्कार सांगा. येताना रात्रीची गाडी धरू नका, सकाळची धरा, म्हणजे जेवायच्या आधी पोचाल.

भांडणाची वाट बघत असलेली,
तुमची भावजय,
वर्षाराणी